गाडी का गाळा

माझ्या धाकट्या बहिणीला मी गाडी घ्यायला सांगितलं, ते तिच्या सोयीसाठी नव्हतं. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, लेकीजवळ तर नाहीच. बहिणीला स्वतःला आजही वाटतं की दादानं चारी बाजूंनी विचार करून सल्ला दिला. विचार केला होता हे खरं, पण तो माझ्या घराचा होता.

मी शिरूरला एका पतसंस्थेत कर्जाचं टेबल सांभाळतो. पहिली गाडी घ्यायला निघालेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात. कंपनीत नुकताच पर्मनंट झालेला एखादा, फुलांचे चांगले पैसे झालेला तळेगाव ढमढेऱ्याचा बागायतदार, निवृत्तीला आलेले गुरुजी. खुर्ची ओढायच्या आधीच विचारतात, "हप्ता कितीचा बसंल?" एकूण किती जाणार, हे कुणी विचारत नाही आणि आम्हीही आपणहून सांगत नाही. महिन्याला किती झेपेल ते विचारायचं आणि त्या आकड्यात येईपर्यंत वर्षं वाढवत न्यायची. तीन वर्षांत जमत नाही, पाच करू. पाचात ओढाताण होते, मग सात करू. याला आमच्यात हप्ता बसवणं म्हणतात. हप्ता बसला की समोरच्याचा चेहरा सैल होतो. सही करताना, मी उपकार केल्यासारखं तो माझ्याकडं बघतो. आधी आधी मला ते बरं वाटायचं. आता मी त्या वेळी ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत असतो.

या टेबलामुळं नात्यात मी गाडीतला जाणकार ठरलो. प्रत्यक्षात बॉनेट उघडल्यावर पाणी कुठं घालायचं, एवढंच मला कळतं. पण कुणाच्या घरी गाडीचा विषय निघाला की फोन मला.

धाकटी दौंडला दिलेली. दाजींचं तिथं जळालेल्या मोटारी भरून द्यायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं, छोटं दुकान. ती घरात ब्लाऊज शिवायची, फॉल-पिको करायची. हात इतका साफ की कुरकुंभपासून बायका कापड घेऊन यायच्या. दोन मुलं, अंथरुणाला टेकलेल्या सासूबाई, एक मोटारसायकल. ठीक चाललं होतं त्यांचं.

माझ्या लेकीसाठी स्थळं बघायला लागलो त्या वर्षाची गोष्ट. पहिलं स्थळ आप्पांनी आणलं. आप्पा तळेगावचे, लांबच्या नात्यातले, सोयरिकी जुळवण्यात उभं आयुष्य गेलेले. पाहुणे दोन गाड्यांतून आले. आमच्या दारात माझी गाडी, चुलतभावाची एक, मेव्हण्याची एक. धाकटी आणि दाजी मात्र दौंडहून एक जीप, न्हावऱ्याला उतरून दुसरी जीप, असं वडाप बदलत उशिरा पोचले. पाहुणे बैठकीत बसलेले असताना ती फाटकातून आत आली. केसांवर धूळ, हातातल्या पिशवीतून मेथीच्या जुड्या वर आलेल्या. येताना भाजी घेऊन ये, असा बायकोनंच तिला फोन केला होता. तोंड धुऊन तिनं लगेच पोह्यांचा ट्रे उचलला. तिची सवयच तशी. मुलाच्या चुलत्यानं बशी घेताना सहज विचारलं, "ह्या कोण?"

मी म्हणालो, "आमच्या नात्यातल्याच आहेत."

ती ट्रे धरून समोरच उभी होती. तिनं ऐकलं. पुढच्या माणसापुढं ट्रे नेत ती म्हणाली, "घ्या ना, गरम हायेत."

ते स्थळ जमलं नाही. मुलगी उंचीला कमी पडते, असा निरोप आला. पण त्या दिवशी निघताना आप्पा फाटकाशी थांबले होते.

"दाराम्होरं गाड्या दिसल्या म्हंजी घर भरलेलं वाटतं बघ. आता लोक आधी तेच बघत्यात. घरचं मानूस वडापमधनं उतरलेलं बरं दिसत न्हाई."

"बहीण हाय माझी, आप्पा."

"म्हनून तर म्हनलं. परक्याचं काय मला?"

आप्पांना दोष द्यावा असं वाटत नाही. ते धंद्यातलं बोलले. ऐकणारा मी होतो.

पुढं काही आठवड्यांनी धाकटी एकटीच संस्थेत आली. मला वाटलं, त्या दिवसाचं बोलेल. ते तिनं काढलंच नाही. दौंडला स्टेशनकडं जाणाऱ्या गल्लीत एक गाळा रिकामा होत होता. मालकाला डिपॉझिट हवं होतं. शिवणकामातून तिनं पोस्टात साठवलेली रक्कम त्याला जवळजवळ पुरत होती. पण तेवढीच रक्कम गाडीच्या डाउन पेमेंटलाही पुरत होती आणि दाजींच्या मनात गाडी भरली होती.

"त्यांचं म्हननं, आधी गाडी घेऊ, गाळा काय पळून जातोय. मी म्हनलं, गाडीत बसून ब्लाऊज शिवता येत न्हाईत. शेवटाला तेच म्हनले, दादांना इचार, त्ये सांगतील ते मला मान्य." तिनं पदरानं मान पुसली. "मला दोन मशिनी अजून टाकायच्यात, दादा. हाताखाली दोघी येत्यात म्हनून तयार हायेत. पण तू रोज हीच कामं करतोस. तू सांग. गाडी का गाळा?"

मी चहा मागवला. उत्तर मला माहीत होतं. तिच्या जागी कुणी अनोळखी बाई असती तर चहा यायच्या आत मी सांगितलं असतं, गाळा घ्या. गाळ्यातून महिन्याला काही येतं, गाडीपायी महिन्याला काही जातं. यात कळायला अवघड काहीच नव्हतं. पण आप्पांनी दुसरं स्थळ आणलं होतं आणि पाहुण्यांची तारीख ठरायची होती. मला दारात आणखी एक गाडी हवी होती, आणि मुख्य म्हणजे माझी बहीण तिच्यातून उतरायला हवी होती.

मी म्हणालो, "गाडी घ्या."

कारणं पण सांगितली. गाळेमालकाचा भरवसा नाही, तो अकरा महिन्यांनी उठवू शकतो. सासूबाईंना दवाखान्यात न्यायला गाडी लागेल. दाजींना गिऱ्हाइकाच्या मोटारी आणता-नेता येतील. गाड्यांच्या किमती दर वर्षी वाढतात, आज घ्याल ती स्वस्तच. सगळी कारणं खरी होती. खोटं एकही बोललो नाही, म्हणूनच ते इतकं सोपं गेलं.

"आन् गाळा?"

"गाळे काय, निघत राहतात."

तिनं चहा संपवला, कप बशीवर पालथा घातला. आमच्या आईची सवय. "बरं," म्हणाली. "तुला कळतं त्यातलं."

जुनी गाडी घ्यावी का, असं नंतर दाजींनी फोनवर विचारलं. पहिलीच गाडी, हात बसायचा आहे, कुठंतरी घासणार, ठोकणार. विचार अगदी रास्त होता. मी म्हणालो, जुन्या गाडीला व्याजदर जास्त पडतो. तोही खराच. पण रक्कमच निम्मी लागली असती, मग दर जास्त असूनही फार कमी पैसे गेले असते, हे मी बोललो नाही. जुन्या गाडीला पाहुण्यांनी जुनी गाडी म्हणून बघितलं असतं.

कर्ज आमच्याच संस्थेच्या दौंड शाखेतून केलं. हप्ता मीच बसवला. दाजींचा धंदा हंगामाचा. उन्हाळ्यात मोटारी जळतात तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते, पावसाळ्यात दाजी माश्या मारत बसतात. दर महिन्याचा सारखा हप्ता असल्या धंद्याला सोसत नाही, हे मला टेबलावर बसल्या बसल्या कळत होतं. मी सात वर्षं केली. हप्ता बसला. जामीनदार म्हणून दाजींचे दोन शेजारी आले. दाजी मला म्हणाले, "तुमी न्हाई का ऱ्हात?" कर्मचाऱ्याला जामीन राहता येत नाही, असा आमच्याकडं नियम आहे. त्या दिवशी तो मला फार बरा वाटला.

शोरूमला मीही गेलो. गाडीची जाहिरातीतली किंमत एक, रस्त्यावर आल्यावर दुसरी. विमा, पासिंग, आणखी वर्षांची वॉरंटी, खालून मारायचा रंग, सीट कव्हर, कसलासा लेप. विकणारा मुलगा दर वस्तूला म्हणायचा, "हप्त्यात फार फरक पडत नाही, सर." हे वाक्य मीही दिवसातून कितीदा म्हणतो. मग गाडीवरचं लाल कापड ओढलं, धाकटीनं ओवाळलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. फोटोसाठी दोघांच्या हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली दिली. दाजी म्हणाले, "एवढी मोठी घालायची कुठं?" सगळे हसले. फोटोत धाकटीही हसते आहे. ती खुश होती त्या दिवशी. हे मला लिहायला हवं, नाहीतर ती रडतच गाडीत बसली असं वाटेल.

दुसऱ्या स्थळाचे पाहुणे यायच्या दिवशी मी दाजींना सकाळीच बोलावून घेतलं आणि गाडी फाटकाच्या तोंडाशी लावायला सांगितली. माझी जुनी मागं घेतली. पाहुणे आले, चहा झाला. धाकटी पोहे घेऊन आली. या खेपेला कुणी विचारायच्या आधीच मी म्हणालो, "ही माझी धाकटी बहीण. दौंडला असते. बाहेरची ती पांढरी गाडी त्यांचीच."

धाकटीनं माझ्याकडं बघितलं. एवढंच. मग ती ट्रे घेऊन आत गेली.

सोयरीक जमली. लेक सुखात आहे. लग्नानंतर एकदा जेवताना व्याही सांगून गेले की त्या दिवशी ज्या मोठ्या गाडीतून ते आले ती भाड्याची होती. ते हसले, मीही हसलो. बायको म्हणाली, "एवढे का लाल झालात, मिरची लागली का?"

गाडी आली ती दाजींच्या दारात प्लास्टिकखाली उभी राहिली. पेट्रोलला परवडेना म्हणून दुकानाला मोटारसायकलच. गिऱ्हाइकाची ग्रीस लागलेली मोटार नव्या सीटवर ठेवायला त्यांचं मन घेईना. उंदरांनी एकदा वायरी कुरतडल्या. बॅटरी उतरायला लागली तसे दाजी रविवारी एकटेच कुरकुंभपर्यंत जाऊन परत येऊ लागले. "कुठं गेलता?" विचारलं की म्हणायचे, "गाडीला फिरवून आनली." लॉकडाऊनमध्ये दुकान बंद पडलं. आम्ही काही हप्ते पुढं ढकलून दिले, व्याज मात्र चालूच राहिलं. त्या दिवसांत धाकटीनं गळ्यातलं मोडलं. मला ते फार उशिरा, बायकोकडून कळलं. दादाला सांगू नको, त्याला वाईट वाटेल, असं तिनं बायकोला बजावलं होतं.

गाळा दुसऱ्या एका बाईनं घेतला. तिनं चार मशिनी टाकल्या आणि शिवायला धाकटीला बोलावलं. नगावर पैसे. धाकटी सकाळी सासूबाईंचं आवरून जायची, संध्याकाळी यायची. एकदा दौंडला कामासाठी गेलो होतो तेव्हा तिला भेटायला त्या गाळ्यात गेलो. ती दारातल्या मशिनीवर बसली होती, उजेडासाठी. मालकीणबाई कुणाला तरी सांगत होती, "आमच्याकडं शिवायला हायेत त्या." धाकटीनं मान वर करून मला बघितलं आणि लगेच उठली. "माझा दादा," ती सगळ्यांना म्हणाली. "शिरूरला संस्थेत साहेब हाय." मी साहेब नाही. पण तिनं मला ज्या सुरात दाखवलं, तो सूर घेऊन मी न्हावऱ्यापर्यंत आलो आणि तिथं गाडी कडेला लावून बराच वेळ बसलो.

तेव्हापासून टेबलावर माझं बोलणं बदललंय. कुणी हप्ता विचारला की मी आधी एकूण आकडा सांगतो. मग विचारतो, महिन्यातून किती दिवस गाडी हलणार आहे? लग्नाकार्याला, दवाखान्याला, देवाला जायचं असेल तर भाड्यानं करा, वर्षभर करा, मग या. घ्यायचीच असेल तर पहिली जुनी घ्या, वर्षं कमी ठेवा, हप्ता थोडा टोचू द्या. पैसा हंगामाला येत असेल तर त्या वेळी जादा भरता येतं का, ते सहीच्या आधी विचारा. आणि ज्याला विचारायला आलात त्याचा यात काय फायदा आहे, तेही विचारा. हे शेवटचं ऐकून माणसं हसतात. मॅनेजरसाहेब मला म्हणाले, "आबा, तुम्ही आपल्या संस्थेत आहात का समोरच्या?" मी म्हणालो, दमलोय साहेब. ते त्यांना थट्टा वाटली.

गेल्या वर्षी कर्ज फिटलं. गाडीच्या आरसी पुस्तकावरचा संस्थेचा बोजा उतरवायला दाखला लागतो, तो घ्यायला धाकटी आणि दाजी शिरूरला आले. दाखला दौंडलाही मिळाला असता. पण तिला मला विचारायचं होतं. ती मालकीणबाई मुलाकडं पुण्याला निघाली होती, गाळा पुन्हा रिकामा होत होता. डिपॉझिट आता दुपटीच्या पुढं गेलेलं.

"गाडी इकू का, दादा?"

मी दाजींकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "इका. पण गाडीला नावं ठिऊ नका कुनी. आईला शेवटच्या टायमाला पुन्याला नेली ती तिच्यातनंच. मागच्या सीटवर हिच्या मांडीवर डोकं ठिऊन. वडापमधी नेता आली नसती."

हेही खरं आहे आणि त्यानं माझं काही हलकं होत नाही. सासूबाईंचं आजारपण मी नुसतं कारण म्हणून वापरलं होतं.

"विका," मी म्हणालो. "गाळा घे. आता थांबू नको."

दाजी झेरॉक्स काढायला खाली गेले. धाकटी समोर बसली होती. तिच्या बोटांना सुई टोचून टोचून घट्टे पडलेत. ती म्हणाली, "तवा बी तू नीट सांगितलंस. सासूबाईंचं बघ, गाडी नसती तर काय केलं असतं? आता बी नीटच सांगतोयस." मी म्हणालो, "तेव्हाचं एक सांगायचंय तुला." ती म्हणाली, "काय?" शेजारच्या टेबलावर फोन वाजला. दाजी जिना चढत येताना दिसले. मी म्हणालो, "काही नाही, पुस्तकाची कॉपी जपून ठेव."

फोन थांबायची वाट बघता आली असती. दाजींसमोरही बोलता आलं असतं.

गाडी विकली. आले ते पैसे डिपॉझिटला पुरले नाहीत, उरलेले मी घातले. धाकटीला ते नको होते. शेवटी उसने म्हणून घेतले. गाळ्यात आता तिच्या तीन मशिनी आहेत, एक बाई हाताखाली येते. दिवाळीनंतर ती आली आणि उसन्यातले पहिले पैसे पाकिटात घालून माझ्या हातात दिले. मी घेतले. घेणार नाही म्हणालो असतो तर का ते सांगावं लागलं असतं. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, की बहिणीकडून पैसे घेणारा हा कसला माणूस. धाकटी मात्र समाधानानं जेवून गेली.

ती समजते की अजून तिचं माझ्याकडं देणं बाकी आहे. तसं काही नाही. पैशाचं पाकीट मी तसंच ठेवलंय, ते तिला परत करीन, तो भाग अवघड नाही. मला तिच्या गाळ्यात जाऊन, तिच्यासमोर बसून सांगायचं आहे की त्या दिवशी पाहुण्यांसमोर तिला बहीण म्हणायची मला लाज वाटली होती, आणि तेवढ्यासाठी मी तिला गाडी घ्यायला लावली. एवढं मी तिला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.